दोघांचा खेळ आणि एकाचा डोळा

सन २०२५ च्या दिवाळींत मध्य प्रदेशांतून, विशेषेंकरून भोपाळ शहरांतून, जी बातमी आली ती वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. कार्बाईडवर पाणी पडलें म्हणजे जो पेट घेणारा वायु निघतो, त्याच्या जोरावर मोठा आवाज काढणारी प्लास्टिकच्या नळीची तोफ त्या सणांत मुलांच्या हातीं आली. कित्येकांनीं ती शेंदोनशें रुपयांस रस्त्यावर विकत घेतली. कित्येकांनीं मोबाईलवरील चित्रें पाहून घरींच केली. बार उडाला नाहीं म्हणजे मूल नळीच्या तोंडाशीं डोळा नेऊन आंत पाही, आणि नेमका तेव्हांच बार उडे. थोड्याच दिवसांत शंभरांहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, डोळ्यांच्या इजेनें रुग्णालयांत आलीं, आणि कांहींची दृष्टि गेली.

कार्बाईड आपल्या खेडुतांस अनोळखी नाहीं. कायद्याची बंदी असूनहि आंबे पिकविण्यासाठीं तें चोरून वापरतात, आणि शेतांतील वानरें हाकलण्यासाठींहि अशीच नळी वाजवितात. तिचा भडका क्षणाचा असतो. परंतु कार्बाईड व पाणी यांपासून वायूच्या मागें जो चुना राहतो, तो डोळ्यांत गेला म्हणजे आंत आंत शिरत जातो. अशा वेळीं तूप, तेल, दूध किंवा झाडपाला कांहींहि न घालतां, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाणी निदान अर्धा तास ओतीत राहावें, आणि मग विलंब न करितां डॉक्टरांकडे न्यावें. ही गोष्ट या लेखाच्या विषयांत नीटशी बसत नाहीं. तरी ती लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण मला ती वेळेवर ठाऊक नव्हती.

मी चौदा वर्षांचा व माझा मित्र तेरा वर्षांचा होता. दिवाळीपूर्वीं घरास चुना देण्याचें काम चाललें होतें, व परसांत थोडासा कळीचा चुना उरला होता. पाणी घातलें म्हणजे तो कसा उसळतो व तापतो हें आम्हीं पाहिलें होतें. तो बाटलींत कोंडला तर काय होईल, हा प्रश्न माझ्या डोक्यांत आला. बाटली मीं आणली, पाणी मीं घातलें, आणि बूच दाबून धरण्यास त्यास सांगितलें. तो क्षणभर घुटमळला. "भितोस काय रे?" एवढेंच मी बोललों. त्यानें बाटली धरली. पुढें काय झालें तें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. घरच्या मंडळींनीं त्याच्या डोळ्यांत तूप घातलें, व तालुक्यास नेईपर्यंत संध्याकाळ झाली. उजवा डोळा गेला.

आतां प्रश्न असा कीं, यांत दोष कोणाचा? मीं त्यावर बळजोरी केली नव्हती. खेळ दोघांचा होता. बाटली कदाचित् माझ्याहि हातांत फुटती. पुष्कळ वर्षें मीं आपल्या मनाची समजूत याच शब्दांनीं घातली. परंतु संमति कशास म्हणावी? ज्यास होणारें नुकसान मनांत आणतां येतें, त्याच्याच होकारास संमति म्हणणें योग्य. आम्हां दोघांसहि आवाजाची कल्पना होती, डोळ्याची नव्हती. आणि "भितोस काय" हा शब्द ऐकल्यावर तेरा वर्षांच्या मुलास नाहीं म्हणण्यापेक्षां बाटली धरणें सोपें वाटतें. तो होकार त्याच्या तोंडून निघाला खरा, पण तो त्याचा किती व माझा किती, हें सांगणें कठीण आहे.

कायदा करणारांनींहि हा विचार केलेला दिसतो. १८६० च्या दंडसंहितेच्या ८७ व्या कलमाप्रमाणें, अठरा वर्षांवरील मनुष्यानें आपण होऊन धोका पत्करिला, आणि करणाराचा हेतु किंवा जाणीव जीव घेण्याची अथवा जबर दुखापत करण्याची नसली, तर झालेल्या इजेबद्दल गुन्हा होत नाहीं. करमणुकीसाठीं तलवारीचा खेळ खेळणाऱ्या दोघांचें उदाहरण तेथें दिलें आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तींतहि हा नियम कायम आहे. म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाचा होकार हा करणाराचें कवच होऊं शकत नाहीं. अर्थात् कायदा शिक्षेपुरतें बोलतो. चौदा वर्षांच्या मुलानें पुढें चाळीस वर्षें काय करावें, याविषयीं त्याजपाशीं उत्तर नाहीं, आणि तें त्याचें कामहि नव्हे.

आफ्रिकेंतील थागास्ते गांवच्या ऑगस्टीनानें सोळा वर्षांचा असतां सोबत्यांबरोबर रात्रीं एका झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती, बहुतेक फळें डुकरांपुढें टाकलीं. चाळिशी उलटल्यावर आपल्या आत्मवृत्तांत त्यानें या लहानशा चोरीचा एवढा विचार केला कीं कित्येक वाचकांस तो अति वाटतो. मला तो अति वाटत नाहीं. मी एकटा असतों तर हें केलें नसतें, असें त्यानें तेथें कबूल केलें आहे. आणि तें सोबत्यांवर दोष ढकलण्यासाठीं नव्हे, तर आपण स्वतः कसे होतों हें पाहण्यासाठीं. दोघे मिळून करतात तें बहुधा दोघांपैकीं एकट्यानें कोणीच केलें नसतें. एक दुसऱ्यास धैर्य पुरवितो व दुसरा पहिल्यास प्रेक्षक. म्हणून असा दोष भाकरीसारखा मोडून अर्धा अर्धा वांटतां येत नाहीं. दोघांच्याहि वांट्यास तो सबंधच येतो.

यावर कोणी म्हणेल कीं, मुलांनीं जिज्ञासाच सोडावी काय? अमेरिकेंत पॅसाडेना येथें जॅक पार्सन्स व एड फोरमन हे शाळेंतील मित्र आपल्या हातांनीं दारूचे बाण करून उडवीत. त्यांनींच पुढें १९३६ पासून विद्यापीठांतील मंडळीबरोबर अग्निबाणांचे प्रयोग केले, व त्यांतून एक जगप्रसिद्ध प्रयोगशाळा उभी राहिली. हें खरें आहे. पण तोच पार्सन्स १७ जून १९५२ रोजीं घरच्या प्रयोगशाळेंतील स्फोटांत सदतिसाव्या वर्षीं मेला, हेंहि खरें आहे. शिवाय जीं मुलें नांवारूपास आलीं त्यांचींच चरित्रें लिहिलीं जातात; ज्यांचीं बोटें गेलीं त्यांस चरित्रकार मिळत नाहीं. जिज्ञासेस माझी हरकत नाहीं. चुना कां तापतो हा प्रश्न चांगलाच होता. मात्र त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं मीं दुसऱ्याचा हात वापरला.

आणि अजून मुख्य गोष्ट सांगावयाची राहिलीच आहे. त्या दिवशीं माझ्या मित्रानें सर्वांस सांगितलें कीं, तो एकटाच होता. कां सांगितलें, तें मला आजहि नीट कळत नाहीं. मी तेथेंच उभा होतों व गप्प राहिलों. डोळ्याचा अपघात हा चौदा वर्षांच्या मुलाचा अविचार म्हणून सोडून देतां येईल. पण ती चुप्पी अविचारानें झाली नव्हती. ती मीं रोज सकाळीं उठून नव्यानें निवडीत होतों, आणि तिच्यापुरता मी लहान नव्हतों. त्यास पोलिसांत जावयाचें होतें. एका डोळ्यामुळें तें झालें नाहीं. त्यानें पिठाची गिरणी घातली. माझें लग्न झालें तेव्हां तो सर्वांच्या पुढें वाढीत होता.

शेवटीं मीं त्याच्या आईस सांगितलें. तेव्हां ती फार थकली होती. ती म्हणाली, "अरे, तुझ्या सदऱ्यावर चुना होता त्या दिवशीं. मला तेव्हांच कळलें होतें." मग तूं विचारलें कां नाहींस, असें मीं म्हणालों. ती म्हणाली, "त्यानें नाहीं म्हटलें होतें ना. मग मी कोण?"

मित्रानें मला केव्हांच क्षमा केली आहे. किंबहुना क्षमा करण्यासारखें कांहीं होतें असेंच तो मानीत नाहीं. परंतु ज्याचें देणें त्यानें माफ केलें म्हणून तें नव्हतेंच असें होत नाहीं, आणि मला त्याचें उत्तर अजून सांपडलेलें नाहीं.

भोपाळची बातमी मीं त्यास गिरणीवर वाचून दाखविली. पट्टा थांबवून त्यानें सारी ऐकून घेतली. मग विचारलें, "नळी धरणाऱ्या पोरांविषयीं छापलें आहे. शेजारीं कोण उभा होता, तें छापलें आहे काय?"

मीं कागद पुन्हां पाहिला. छापलें नव्हतें.