पेशी जन्मते, पण टिकते का?

एकादशी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो: उपास केला की मेंदूत नव्या पेशी तयार होतात. त्याच आधारावर अक्रोड, हळद आणि ब्राह्मीच्या गोळ्या विकल्या जातात. असलं काही वाचून इन्सुलिन घेणारे आजोबा परस्पर जेवण टाळतात, हे धोक्याचं आहेच. त्याहून मला सलतं ते दुसरंच. स्मृतिभ्रंश झालेल्या आईचं सगळं करणाऱ्या मुलीला कुणीतरी सहज ऐकवतं, "आधीपासून खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं असतं तर..." मेंदूविज्ञानातली एक उमेद देणारी कल्पना आजारी माणसाला दोषी ठरवायला वापरली जाते आहे.

या कल्पनेचा पूर्वार्ध बहुतेकांना ठाऊक आहे. प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, हा मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांच्या काळापासूनचा समज. १९६२मध्ये संशोधक जोसेफ ऑल्टमनने त्याला धक्का दिला, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे नॉटेबोम यांना प्रौढ कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी सापडल्या आणि १९९८मध्ये माणसाबद्दलचा एरिक्सन व गेज या संशोधकांचा निबंध आला. कर्करोगाच्या काही रुग्णांना उपचारादरम्यान विभाजित होणाऱ्या पेशींवर खूण सोडणारं द्रव्य दिलं होतं. त्यांच्यापैकी पाच जणांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या चेतापेशींत ती खूण सापडली. सर्वांत वयस्क रुग्ण ७२ वर्षांचा होता.

'पेशी जन्मतात' इथून 'मग त्या वाढवा' इथवर सगळे एका उडीत पोचतात. खरं वळण मात्र १९९८च्या त्या निबंधाच्या आदल्या वर्षीचं आहे आणि तेच नीट वाचलं जात नाही. गेज यांच्याच प्रयोगशाळेत केम्परमान यांनी काही उंदीर साध्या पिंजऱ्यात ठेवले आणि काही प्रशस्त पिंजऱ्यात, जिथे बोगदे, चाकं, खेळणी आणि भरपूर सोबती होते. दुसऱ्या गटात नव्या चेतापेशी जास्त सापडल्या. पण जन्मणाऱ्या पेशींची संख्या वाढलीच नव्हती. मरणाऱ्यांची घटली होती. एरवी या कोवळ्या पेशींपैकी बऱ्याचशा काही आठवड्यांत नाहीशा होतात. १९९९मध्ये एलिझाबेथ गुल्ड यांनी दाखवलं की, हिप्पोकॅम्पसला कामाला लावणारं काही शिकावं लागलं, तर उंदरांत त्या अधिक टिकतात. (नुसत्या धावण्याने नव्या पेशींचा जन्मही वाढतो, हे त्याच वर्षी दिसलं.) म्हणजे 'पेशी जन्मते का?' हा प्रश्न मागे पडून 'जन्मलेली पेशी कशामुळे टिकते?' हा प्रश्न पुढे आला होता.

आहाराचं संशोधन या प्रश्नाच्या उजेडात वाचायला हवं. २०००च्या सुमारास मार्क मॅटसन यांच्या गटाने कमी अन्न दिलेल्या उंदरांत नव्या पेशी जास्त असल्याचं नोंदवलं. पण तुलना कुणाशी होती? रात्रंदिवस समोर अन्न आणि हालचालीला जागा नाही, अशा पिंजऱ्यातल्या उंदरांशी. प्रयोगशाळेतला हा 'सामान्य' उंदीर मुळात अतिपोषित आणि बैठा असतो, असा इशारा स्वतः मॅटसन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये दिला. तेव्हा त्या निष्कर्षात उपासाचं श्रेय किती आणि अतिखाण्याचं नुकसान किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आधीच मोजकं जेवणाऱ्या म्हातारीला तो लागू करणं तर सरळ चूक आहे.

माणसाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नव्या चेतापेशी मोजण्याची भरवशाची पद्धतच आज नाही. म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या सँड्रिन थ्युरे यांचा गट माणसाच्या रक्तातला द्रव काचपात्रात वाढवलेल्या मूळपेशींवर घालून परिणाम पाहतो. ही पद्धत कल्पक आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण काचपात्रातली पेशी म्हणजे कुणाची स्मृती नव्हे. २०१८मध्ये तर एका गटाला प्रौढांच्या मेंदूच्या ऊतीत नव्या चेतापेशी जवळपास सापडल्याच नाहीत आणि दुसऱ्याला ७९ वर्षांपर्यंत सापडल्या. ऊती रसायनात किती वेळ ठेवली, यावरही नव्या पेशींच्या खुणा दिसणं अवलंबून असतं, हे पुढच्या वर्षी माद्रिदच्या संशोधकांनी दाखवलं. त्या जन्मतात, याकडेच माझा कल आहे. अमुक खाल्ल्याने तुमच्या डोक्यात त्या वाढल्या, हे मात्र आज कुणीही मोजून सांगू शकत नाही.

नीट खाण्याला हृदय, रक्तदाब आणि साखर ही कारणं पुरेशी आहेत. उंदरांवरून माणसाबद्दल बोलायचंच असेल, तर पूर्ण बोलावं: त्या मोठ्या पिंजऱ्यात सोबत होती, हालचाल होती, रोज नवं काही होतं. तेव्हा ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्र आणि कॅरमपलीकडे शिकण्यासारखं काय आहे, हे आधी विचारायला हवं.