हजरत जकरिया (अ.) यांची हळुवार हाक



विवाहाला आठ-दहा वर्षे उलटूनही पाळणा हलला नाही, की नात्यातला प्रत्येक अकीका त्या दांपत्यासाठी परीक्षेचा दिवस ठरतो. अशा भगिनी आम्हा इमामांकडे एक शंका हमखास पाठवतात : 'मूल हवे म्हणून रडणे, ही नाशुक्री तर नव्हे?'

उत्तर सूरह मरयमच्या प्रारंभीच आहे. हजरत जकरिया (अ.) यांची हाडे दुबळी झाली होती, केस पांढरे झाले होते, पत्नी वंध्या होती. तरी त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हळू आवाजात हाक मारली. ही तळमळ ईमानातली उणीव असती, तर दिव्य कुरआनने ती जतन केली असती का? सूरह आले-इम्रानमधील तपशील तर मन हलवणारा आहे. त्यांच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मरयमजवळ त्यांना अल्लाहने दिलेले रिज्क दिसले आणि तिथेच त्यांनी संततीची दुआ मागितली. दुसऱ्याच्या लेकराचे भाग्य पाहून त्यांच्या मनात मत्सर जागला नाही, आशा जागली. हे सोपे नाही, हे मी जाणतो.

त्यांना यह्या (अ.) लाभले. परंतु उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य झाले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना भाचा अब्दुल्लाह यांच्या नावावरून 'उम्मे अब्दुल्लाह' ही कुनियत दिली. त्यांच्याकडून २२१० हदीस उम्मतपर्यंत पोहोचल्या. त्यांची कूस रिती राहिली, म्हणून त्यांच्या दर्जाविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करील? सूरह शूराच्या ४९-५० व्या आयतींत मुली, मुलगे आणि अपत्यहीनता या तिन्हींचा उल्लेख अल्लाहच्या इच्छेखालीच येतो. शिक्षेचा तिथे शब्दही नाही.

मग सुनेला 'वांझ' म्हणणाऱ्या जिभा कोणत्या आधारावर चालतात? दोष अनेकदा पुरुषातही असतो. पण तपासणीला मात्र तिलाच धाडले जाते. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. बीज पती-पत्नीचेच असेल आणि तिसऱ्याचा संबंध नसेल, तर कृत्रिम गर्भधारणेलाही अनेक उलेमांनी अनुमती दिली आहे. ताईत विकणाऱ्यांच्या दारी मात्र पैसा आणि ईमान दोन्ही गमावू नका.

सूरह अंबियाच्या ८९ व्या आयतीत जकरिया (अ.) यांची छोटीशी दुआ आहे. आजवर ती एकटी पत्नीच पुटपुटत आली असेल, तर आज तहज्जुदला पतीनेही तिच्या शेजारी मुसल्ला अंथरावा.