मामाच्या मापाचा टी-शर्ट

आमच्या ब्रँडचे टी-शर्ट चार मापांत मिळायचे. एस, एम, एल आणि एक्सेल. यात काही चुकतंय असं दीड वर्षात कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मागच्या दिवाळीत कराडला आजोळी गेले होते. आई म्हणाली, "अगं, एवढे शर्ट विकतेस, मामाला एक दे की." बॅगेत एक्सेल होता, तो दिला. मामानं तो डोक्यातून घातला आणि काखेत अडकला. जरा ओढून पाहिलं. "घट्ट होतंय गं," म्हणाला, काढला, नीट घडी घातली आणि परत दिला. टी-शर्टवर छातीशी लिहिलं होतं, 'बोल ना.'

मामाला स्किझोफ्रेनिया आहे. वीसेक वर्षं गोळ्या चालू आहेत, त्यातली बरीच वर्षं ओलान्झापिन. या गोळीनं वजन वाढतं, भूक अनावर होते, हे मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीतच सांगतात. मला ते शाळेत असल्यापासून माहीत आहे. तरीही मानसिक आरोग्याच्या नावानं कपडे काढताना माझ्या डोळ्यांपुढे जे शरीर होतं, ते असल्या गोळ्या घेणाऱ्याचं नव्हतं. ते माझ्या ऑफिसातल्या कुणाचंही असू शकलं असतं.

ब्रँड म्हणजे मी आणि माझी इंजिनिअरिंगपासूनची मैत्रीण. दोघी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. कापड आणि शिलाई तिरुपूरची, छपाई पुण्यात, बाकी सगळं शनिवार-रविवार तिच्या हॉलमध्ये. कल्पना साधी होती. 'इट्स ओके टू नॉट बी ओके' छापलेले टी-शर्ट मॉलमध्ये ढिगानं मिळतात, पण आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. 'नैराश्य' हा शब्दही घरात कुणी वापरत नाही, तो वर्तमानपत्रात राहतो. घरात म्हणतात, 'मन लागत नाही', 'कसंतरीच होतंय', 'आज नको वाटतंय सगळं'. आम्ही तेच छापलं, आणि लोकांना आवडलं. अजूनही मला ती कल्पना वाईट वाटत नाही.

आक्षेप पहिल्या महिन्यातच आला. डबा खाताना एका सहकाऱ्यानं विचारलं, "म्हणजे दुःख विकता तुम्ही?" खरं सांगायचं तर हा आक्षेप मला कधीच फार जड गेला नाही. डॉक्टर फी घेतात, समुपदेशक घेतात, औषध कंपन्या तर घेतातच. नफ्यातले दहा टक्के देणगी द्यायचं आम्ही ठरवलं होतं. पहिल्या वर्षी नफाच इतका झाला की त्याचे दहा टक्के चार हजार तीनशे रुपये भरले. दुःखावर गबर व्हायचं म्हटलं तरी ते इतकं सोपं नसतं.

जड गेलं ते दुसरंच. एका रात्री दीड वाजता आमच्या इन्स्टाग्राम खात्यावर मेसेज आला, 'मन लागत नाही. शर्टवर लिहिलंय म्हणून बोलतोय.' तो मी सकाळी नऊला पाहिला. घाईघाईनं उत्तर दिलं. दुपारी बाराला त्याचं आलं, 'झोप लागली होती, सॉरी.' सॉरी त्यानं म्हणावं! नऊ ते बारा या तीन तासांत मी एकही ओळ कोड लिहिला नाही. 'बोल ना' हे आम्ही घोषवाक्य म्हणून लिहिलं होतं, त्यानं ते आमंत्रण म्हणून वाचलं. वाचणाऱ्याचं बरोबर होतं. छातीवर क्रियापद आज्ञार्थी लिहिलं की ते कुणीतरी पाळणार, आणि मग ऐकायला कुणीतरी जागं हवं.

त्यानंतरच्या लॉटपासून गळ्याच्या आतल्या बाजूला, धुण्याच्या सूचनांखाली, आम्ही टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर छापतो. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. आतल्या बाजूला अशासाठी, की तो फक्त घालणाऱ्याला दिसावा. हे योग्यच केलं. पण आमच्या धंद्यात एक खोड असते, स्वतःला न झेपणारी एरर दुसऱ्या सर्व्हिसकडे फॉरवर्ड करायची आणि तिकीट बंद करायचं. नंबर छापून आम्ही तेच तर केलं नाही ना, ही शंका गेलेली नाही.

आणि मग मामा. जागृती म्हणजे नक्की कुणाला जागं करायचं? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. 'लाजू नका, डॉक्टरकडे जा' हे सांगायची गरज त्यामुळे खरीच आहे. पण मामा उरलेल्यांतला. तो डॉक्टरकडे गेला, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. त्याच्या हाताला कंप आहे, म्हणून शर्टाची बटणं आजी लावून द्यायची. ती गेल्यावर त्यानं बटणांचे शर्टच सोडले, म्हणून तर आईला टी-शर्ट सुचला. डॉक्टरकडे गेल्यानंतरच्या या वीस वर्षांसाठी आमच्याकडे एकही वाक्य नव्हतं, आणि मापही नव्हतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये मिलानला गुचीच्या शोमध्ये, रुग्णाचे हात बांधून ठेवायला पूर्वी वापरत त्या जॅकेटांसारखे पांढरे कपडे मॉडेल्सना घातले होते. त्यांच्यापैकी आयेशा टॅन-जोन्स यांनी रॅम्पवर दोन्ही तळहात वर केले. त्यांवर पेनानं लिहिलं होतं, मानसिक आरोग्य म्हणजे फॅशन नव्हे. गुचीनं नंतर सांगितलं की ते कपडे विकायचे नव्हतेच. आम्ही तो व्हिडिओ पाहून 'शी!' म्हणालो होतो, आमचे तर विकायचेच होते. याउलट अमेरिकेत एमी ब्लूएल यांनी २०१३ मध्ये, आत्महत्येनं गेलेल्या वडिलांच्या आठवणीत, अर्धविरामाची खूण सुरू केली. वाक्य संपवता आलं असतं पण संपवलं नाही, असा तिचा अर्थ. लोकांनी ती मनगटावर गोंदवून घेतली. २०१७ मध्ये ब्लूएल स्वतःही तशाच गेल्या. त्यामुळे खूण खोटी ठरली असं मला वाटत नाही. ती त्यांनी आधी स्वतःच्या जखमेवरून उचलली होती, आणि घेणाऱ्यांतल्या पुष्कळांनी आपापल्या.

आम्ही कुठून उचललं? वेबसाइटवर 'आमच्याबद्दल' या पानावर माझी गोष्ट आहे. रात्रंदिवस रिलीज, झोप उडणं, रविवारी संध्याकाळी छातीत धडधड, मग थेरपी. सगळं खरं आहे. पण या विषयाशी माझी ओळख त्या रिलीजमुळे झालेली नाही. सातवीत असताना मामा रात्रभर रेडिओशी भांडत होता आणि आजी दाराला पाठ लावून बसली होती, तेव्हा झाली. ते पानावर नाही. पान लिहिताना मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुझ्यासाठी स्थळं बघतोय, आत्ता नको." लग्न जमवताना 'घराण्यात कुणाला आहे का' हे विचारलं जातंच, आणि मी वाद घातला नाही. दोन खऱ्या गोष्टींतली अंगावर शोभेल ती निवडली. कामाचा ताण शोभतो, त्यातून माणूस कष्टाळू दिसतो.

पुण्यातल्या ऑफिसात कुणी काही विचित्र बोललं की 'येरवड्याला भरती करा याला' हा ठरलेला विनोद आहे. एकदा तो आमचा टी-शर्ट घातलेल्या मुलानं केला. सगळे हसले. मीही हसले.

शर्टांमुळे काहीच झालं नाही असं म्हणायचा मोह होतो, पण तेही खरं नाही. त्या रात्री दीडला त्या मुलाला लिहावंसं वाटलं, ते शर्टामुळेच. फक्त एवढं दिसतं, की आम्ही आजाराचा मिरवता येण्याजोगा भाग उजेडात आणला आणि त्यामुळे उरलेला आणखी आत ढकलला गेला. चिंता, ताण, थकवा आता सांगता येतात. आवाज ऐकू येतात, हे मात्र अजून कुणी सांगू शकत नाही, आणि कदाचित पूर्वीपेक्षा अवघड झालंय, कारण आता सगळ्यांना वाटतं की आपल्याला सगळं समजलंय.

हा लेख लिहिण्याआधी मामाला फोन केला. आजार त्याचा, तेव्हा आईच्या आधी त्यालाच विचारायला हवं होतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी सुचलं. तो म्हणाला, "लिही की. नाव नको." आईला मी नंतर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, जेवलीस का.

थ्री एक्सेलसाठी तिरुपूरच्या कारखान्यानं कमीत कमी पन्नास नग सांगितले. मैत्रीण म्हणाली, पडून राहतील. आजवर नऊ गेलेत, तेव्हा तिचं बरोबर ठरतंय. दहावा मी कराडला घेऊन गेले. छातीवर काहीही न छापलेला. मामानं घातला, आरशात पाहिलं, दोन्ही हातांनी छातीवर डावीकडे चाचपलं.

"खिसा नाही?"

"टी-शर्टाला नसतो रे मामा."

"मग गोळ्यांची पट्टी कुठं ठेवू?"

खिसा लावायचे नगामागे चौदा रुपये जास्त पडतात. मैत्रिणीनं शीटमध्ये नवा रकाना केलाय.