काळा रंग आणि खरं-खोटं

काळी वस्तू काढताना काळा रंग भरायचा नसतो, हे कळायला मला नोकरीची तीन वर्षं लागली.

विक्रीच्या पानावर वस्तू बोटाने फिरवून बघता येते ना, त्यामागचा कोड मी लिहितो. एकदा मॅट काळा हेडफोन आला. मी रंग शून्य टाकला, म्हणजे शुद्ध काळा. स्क्रीनवर हेडफोनच्या आकाराचं भोक दिसलं. शेजारच्या डिझायनरने वही ओढली. सगळा आकार गडद करड्या मार्करने भरला, शुद्ध काळा फक्त फटींत आणि खालच्या सावलीत ठेवला, कडांवरून पांढरी पेन्सिल हलकेच फिरवली. झाला काळा हेडफोन.

कारण शून्य काळं असं जगात जवळपास काही नसतंच. कोळसासुद्धा पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के परत देतो. चंद्र सरासरी जेमतेम १२ टक्के देतो, तरी रात्रीच्या आकाशात तो पांढराशुभ्र दिसतो. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटची रेघ उमटते. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, तो प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्या रेघेचा मऊ उजेड होतो. तो उजेड काढला, की डोळ्यांना मॅट पटतं.

मग मी जरा जास्तच खरं करायला गेलो. बोटांचं तेल त्या खडबडीत खळग्यांत बसतं आणि तेवढाच भाग चमकतो. टेबलावरचं सॅम्पल एका दिवसात डागाळलं होतं. मी ते डागही दाखवले. वरून निरोप आला, ‘काढून टाक.’ मी काढले.

महिनाभराने मावसभावाने तोच हेडफोन घेतला. म्हणाला, “दादा, फोटोत असा नव्हता रे.”

नवी वस्तू स्वच्छच असते, मग मी खोटं काय दाखवलं? बराच काळ मी स्वतःला हेच सांगत होतो. पण पहिल्या दिवसासाठी कोणी वस्तू घेत नाही. काळ्याच्या जागी करडा भरला तोही बदलच, पण तो बघणाऱ्याला आकार कळावा म्हणून होता. डाग पुसले ते त्याला काही कळू नये म्हणून. दोन्ही वेळा हात माझाच होता. फरक होता तो कोणाच्या बाजूने चालला यात.

आता मी प्रत्येक वेळी आठवडाभर वापरलेल्या वस्तूचं एक चित्र सुचवतो. अजून कोणी मान्य केलेलं नाही. भावाला मात्र सांगून टाकलं, “डाग होते. मीच पुसले.”