भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

थोडा वेळ निवांत बसा. श्वास संथ होऊ द्या.

घनसावंगीतली ओळखीची एखादी भिंत डोळ्यांसमोर आणा. शाळेची बोलकी भिंत असेल, पाढ्यांची आणि बाराखडीची. किंवा जुन्या मातीच्या घराची, पांढऱ्या मातीनं पोतारलेली, पंचमीला गंधाचा नाग काढलेली. तो नाग कुणी काढला? उत्तराची घाई नको. आजी, आत्या, शेजारची काकू, जी आठवेल तिला मनात येऊ द्या.

आता मन डहाणूकडच्या एका वारली पाड्यावर न्या. घरात लग्न आहे. कुडाची भिंत शेणामातीनं सारवली आहे, वर गेरूचा हात दिला आहे. सुवासिनी चौक लिहायला बसल्या आहेत. तांदूळ वाटून पाण्यात कालवला की झाला रंग. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की झाला कुंचला. आधी चौकट, तिच्या आत पालघट देवी, भोवती झाडं आणि माणसं. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्नाची गाणी म्हणायला धवलेरी लागते. तीही बाईच.

त्यातल्या एकीचा हात जवळून पाहा. काडी भिंतीवर टेकते. ओली रेघ फिकट असते, वाळल्यावर पांढरी उजळते. ओढताना ती रेघ बाईला पुरती दिसतही नाही. हाताला माहीत असतं, म्हणून ती थांबत नाही. त्या हातापाशी थोडं थांबा.

लग्न पार पडतं. पुढे कधी भिंत सारवली जाते, चौक झाकला जातो. दुसऱ्या घरचं बोलावणं येतं, नवी भिंत समोर येते. अशी एका बाईची उभी हयात जाते. ही कारकीर्दच आहे. तिच्यातल्या एकाही भिंतीवर तिचं नाव नाही.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते हाती घेतले आणि वारली चित्र जगभर नेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा मोठी होती, त्याचा मनापासून आनंद माना. त्याच आनंदात त्यांच्याआधी भिंती लिहिणाऱ्या बायांनाही जागा द्या. कागद गावाबाहेर गेला, विकला गेला, त्यावर सही आली. भिंत जागच्या जागी राहिली.

आता मुंबईत या. 2012 च्या डिसेंबरात दिल्लीत झालेल्या अत्याचारानंतर चित्रकार जस चरणजीवा यांनी वांद्र्याच्या भिंतीवर एक गुलाबी बाई आणली, मूठ पुढे केलेली, छेडणाऱ्याला दम भरणारी. तिच्यापुढून जाणाऱ्या कितीजणींना बळ आलं असेल, याचा विचार करा. ही बाई कुणी काढली, हे सांगता येतं. पाड्यावरच्या चौकाचं तसं नाही.

आणि पुन्हा आपल्या घनसावंगी तालुक्यात या. इथल्या जांबमध्ये 1608 साली समर्थ रामदास जन्मले. गावानं त्यांचं नाव आपल्या नावाला जोडलं, जांबसमर्थ. त्यांच्या आईचं, राणूबाईंचं नावही लोक आजवर सांगत आले. नाव जपायचं ठरवलं तर ते चारशे वर्षं टिकतं, याची साक्ष आपल्याच मातीत आहे.

म्हणून शेवटी एवढंच मनात धरा. शाळेची किंवा अंगणवाडीची भिंत एखाद्या बाईकडून रंगवून घ्याल, लग्नघराच्या दाराशी गणपती काढून घ्याल, तेव्हा कामाचे पैसे आधी ठरवा. काम झालं की तिचं पूर्ण नाव विचारा. आणि ते तिच्याच हातानं भिंतीच्या कोपऱ्यात लिहू द्या.