पुढचं माहीत नसलेली पोरं

मराठीतलं चांगलं किशोरवय नेहमी भूतकाळात असतं. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढलं. त्यातला गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातल्या सोबत्यांना तो रोज रात्री लहानपण सांगतो, आणि आई केव्हाच गेलेली आहे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला (१९८७) कागलचा मुलगा शाळेसाठी बापाशी झुंजतो, पण तो जिंकणार हे मुखपृष्ठावरच्या नावानंच सांगून टाकलेलं असतं. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवारांनी एका माणसातून दोन माणसं काढली, एक सांगणारा दगडू आणि दुसरा ऐकणारा लेखक. म्हणजे आठवणीला आणखी एक उंबरठा. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला नववीतला जोशी आणीबाणीच्या काळातला, कादंबरी आली २००४ मध्ये. तेव्हाचा खरा नववीतला पोरगा पंचेचाळिशीकडं झुकला होता.

यातलं एकही पुस्तक मला कमी लेखायचं नाही. तक्रार आहे ती आपल्या सवयीबद्दल. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी वास्तववादी कथा-कादंबरी कुठली, असं विचारलं की आपण बिनदिक्कत याच पुस्तकांकडं बोट दाखवतो. आता यात एक गफलत आहे. आठवणीतला मुलगा तगलेला असतो. त्यानं मार खाल्ला, उपास काढले, वर्गाबाहेर बसला, तरी त्या प्रत्येक ओळीमागं चष्मा लावून बसलेला एक मोठा माणूस दिसतो, आणि वाचकाला कळतं की हा सुटला. चौदा वर्षांच्या वाचकाला स्वतःबद्दल अशी कुणी हमी दिलेली नसते. आपलं काय होणार हे माहीत नसणं, हेच त्याच्या वयाचं वास्तव. ते आठवणीत सापडत नाही, कारण आठवण सुरू होते तीच निकाल लागल्यावर.

मी हे कोल्हारात बसून लिहितोय. नगरहून मनमाडकडं निघालं की प्रवरेच्या पुलाअलीकडं कोल्हार खुर्द आणि पलीकडं कोल्हार बुद्रुक. एक राहुरी तालुक्यात, दुसरं राहात्यात. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते भगवतीमातेच्या देवळामुळं, नाहीतर शिर्डीला जाताना गाडी जिथं तुंबते ते ठिकाण म्हणून. पश्चिमेला लोणी, जिथं १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराच्या इतिहासात या पट्ट्याला मानाचं पान आहे. कारखानदारीचे अहवाल आहेत, गौरवग्रंथ आहेत. बाळासाहेब विखे पाटलांचं ‘देह वेचावा कारणी’ हे आत्मचरित्र २०२० मध्ये आलं. मोठ्या माणसांनी मागं वळून पाहिलेलं इथं पुष्कळ सापडतं.

आणि इथला दहावीतला पोरगा? सकाळी कॅन घेऊन डेअरीला दूध घालायला जातो. पोलीस भरतीची तयारी करणारे थोरले भाऊ हायवेच्या कडेनं पळत असतात. त्यांच्यातला तिसऱ्यांदा नापास झालेला कोण, हे त्याला ठाऊक असतं. शाळा, क्लास, मोबाईल. रात्री उशिरा थ्री फेज लाईट आली की बापाबरोबर उसात दारं धरायला जायचं. एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, आणि मोबाईलवर गाणं मोठ्यानं लावलेलं, बिबट्याला कळावं म्हणून. गंमत बघा, याच नदीच्या वरच्या अंगाला अकोल्याच्या शिवारात विद्या अत्रेय यांनी उसातल्या बिबट्यांचा अभ्यास केला आणि माणसांच्या एवढ्या दाटीतही बिबटे कसे राहतात हे जगभरच्या शास्त्रज्ञांपुढं मांडलं. बिबट्यावर शोधनिबंध झाले. त्याच उसात अकरा वाजता उभ्या असलेल्या पोरावर कादंबरी नाही.

त्याच्या बहिणीची गोष्ट निराळी. तिच्याकडं एसटीचा मोफत पास आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना बारावीपर्यंत चालते. बारावीनंतर काय, हा प्रश्न पासापेक्षा मोठा. घरात ‘स्थळ’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारत नाहीत, पण ती आली की बोलणं थांबतं, यावरून तिला कळतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास बावीस टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आकडा छापून येतो, त्यावर अग्रलेखही येतो. पण आपण आलो की बोलणं थांबतं हे जिला समजलंय, तिचा त्या आठवड्यातला गणिताचा तास कसा जातो, हे कादंबरीच सांगू शकते.

आता एका अवघड जागी येतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ चित्रपटगृहांत लागला. जब्या नावाचा दलित मुलगा, वर्गातली वरच्या जातीची मुलगी, आणि शेवटी प्रेक्षकाच्या दिशेनं भिरकावलेला दगड. त्याच वर्षी एप्रिल संपता संपता आमच्याच जिल्ह्यात, दूर दक्षिणेला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढा संशय पुरला, असं तेव्हा सर्वत्र छापून आलं. २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. मधल्या काळात, २०१६ च्या जुलैत, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला. या दोन्ही वेळी शाळेत जाणाऱ्या पोरांनी काय ऐकलं, घरात काय बोललं गेलं, कुणाशी बोलायचं नाही म्हणून कुणाला बजावलं गेलं, बाकावर शेजारी बसणारे दोघं त्यानंतर शेजारी बसले का? याची नोंद कुठंच नाही.

आठवण लिहायला माणूस जगावा लागतो. खर्ड्याचा मुलगा पन्नाशीत आत्मकथन लिहिणार नाही. दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिलं त्याची बरोबरी दुसऱ्या कशानं होत नाही. ‘बलुतं’चे लेखक तर याच जिल्ह्यातले, अकोल्याच्या धामणगावचे, म्हणजे याच प्रवरा खोऱ्यातले. पण तो प्रकार सुटून आलेल्यांचा आहे. न सुटलेल्याची बाजू सांगायला कल्पित लागतं. किशोर कादंबरीची गरज मला इथं सगळ्यात जास्त भासते, संस्कार किंवा मनोरंजन यासाठी भासते त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा पहिला. ‘वनवास’ (१९९४) आणि त्यानंतरच्या पुस्तकांतला हा बेळगावकडचा पोरगा आठवणीतूनच आलेला आहे, पण संत त्याच्या खांद्यावरून वाचकाला डोळा मारत नाहीत. लंपनला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. जे त्याला कळत नाही ते आपल्याला टोचतं, आणि तरीही लेखक मध्ये पडत नाही. हा संयम भल्याभल्यांना साधलेला नाही. ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणात जाणाऱ्या गावातला मुलगा त्यात आहे, आणि हे पुस्तक खरोखर त्या वयाच्या वाचकासाठी आहे. बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ मोठ्यांची म्हणून ओळखली जाते, पण तिचा नायक आहे भान्या, पैठणच्या घाटावर मेलेल्यांच्या राखेतून नाणी चाळणारा पोरगा. प्रवरेचं पाणी टोक्याला गोदावरीत मिसळून पुढं नाथसागरात, पैठणलाच जातं. त्या अर्थानं भान्या आमचा शेजारी. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे वर्तमानात जगतो खरा, पण त्याच्या वर्तमानात चोर असतात, जात नसते.

मग जास्त का लिहिलं जात नाही? लेखकांना जमत नाही, असं मला वाटत नाही. अडचण पुस्तक विकत कोण घेतं याची आहे. किशोरवयीन वाचक हा असा वाचक आहे ज्याचं पुस्तक दुसराच कुणी निवडतो. गावातलं वाचनालय १९६७ च्या कायद्यानं येणाऱ्या अनुदानावर चालतं. वर्गवारी टिकवायची तर पुस्तकांची संख्या दाखवावी लागते आणि निवडीला वेळ नसतो. शाळेत पुस्तक पोचतं ते बक्षीस म्हणून, आणि बक्षिसाचं पुस्तक सरपंचांच्या हातून द्यायचं असतं. अशा पुस्तकात मुलीला पाळी आलेली, मुलानं वर्गातल्या जयंतीच्या वर्गणीवरून मार खाल्लेला, बापानं सोसायटीचं कर्ज थकवलेलं, असलं काही चालत नाही. चरित्र चालतं. विज्ञानकथा चालते. शूर मुलगा चालतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निष्ठेनं निघतंय आणि खेड्यातल्या अनेकांचं पहिलं अवांतर वाचन तेच आहे. पण सरकारी मासिकानं सगळंच करावं ही अपेक्षा अन्यायाची. बाकी प्रकाशक बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रंगीत चित्रं छापतात आणि अठरानंतरच्यांसाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मधली सहा वर्षं पोरगं कुठं असतं कोण जाणे.

पोरगं सिनेमात असतं. ‘टिंग्या’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘सैराट’: किशोर कादंबरीनं करायचं काम गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी सिनेमानं केलं. पोरांना वास्तव झेपत नाही, हा युक्तिवाद या चित्रपटांनी निकालात काढला. आमच्याकडच्या पोरांनी ‘सैराट’चा शेवट मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघितलेला आहे. त्याच पोरांच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं यावर मात्र आपण अजून ‘वय लहान आहे’ म्हणतो.

अमेरिकेत ही कोंडी फुटली ती एका शाळकरी मुलीमुळं. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन हिनं हायस्कुलात असतानाच ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली. १९६७ मध्ये कादंबरी छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गरीब वस्तीतली पोरं, श्रीमंत वस्तीतली पोरं, मारामारी, मरण. आपल्या वयाच्या मुलांचं खरं काही वाचायला मिळत नाही, हीच तिची तक्रार होती. बाईचं नाव बघून पुस्तक बाजूला ठेवलं जाईल म्हणून प्रकाशकानं नुसती आद्याक्षरं छापली. पुढं १९७४ मध्ये रॉबर्ट कॉर्मिए यांनी ‘द चॉकलेट वॉर’ लिहिली, ज्यात दंडेलीपुढं न झुकणारा मुलगा शेवटी हरतो. ग्रंथालयांतून ती काढायला लावणारे पालक पुढं कितीतरी वर्षं निघत राहिले. तशी वयाचीच गोष्ट काढायची तर आमच्या प्रवरेलाही सांगण्यासारखं आहे: शके १२१२ मध्ये नेवाशाला, याच नदीच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा सांगणारा पंधरा वर्षांचा होता. त्याला कुणी ‘किशोर लेखक’ म्हटलं नाही, हे बरंच झालं.

अशी कादंबरी आता कुठून सुरू करता येईल? हा अंक वाचकांच्या हातात पडेल तोवर ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागलेल्या असतील. बीडहून, आमच्याच पाथर्डीहून. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोप्या रिकाम्या रानात पडतात, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि तेरा वर्षांची थोरली पोर कोपीवर धाकट्याला सांभाळत बसते. साखरशाळा झाल्या, गावाकडं हंगामी वसतिगृहं निघाली, तरी ती कोपीवर दिसतेच. पाण्याला ती जवळच्या वस्तीवर येते. वस्तीवर तिच्याच वयाची मुलगी आहे, जी मोटार चालू करून देते. दोघी एकाच इयत्तेत असायच्या. ऊस वस्तीवरचीच्या बापाचा, तोडणार दुसरीचा बाप, आणि तोड उशिरा मिळाली म्हणून पहिलीचा बाप दुसरीच्या बापावर ओरडतो, तेव्हा दोघी हंड्याजवळ उभ्या आहेत.

यात मैत्रीचा विजय दाखवला तर पुस्तक बक्षिसाला जाईल आणि वाया जाईल. गोष्ट कुणी सांगायची हेही आधी ठरवावं लागेल. लिहिणारा माझ्यासारखा इथला बागायतदार घरातला असेल तर त्यानं वस्तीवरचीच्या तोंडून सांगावं, कारण तिला कमी माहीत आहे आणि तिचं ते कमी माहीत असणं लपवून चालणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये तोड संपून पट्टा पडेल, ट्रॅक्टर निघेल, आणि पुढच्या दिवाळीला दुसरी पुन्हा येते की तिचं लग्न होऊन ती स्वतःच अर्धा कोयता झालेली असते, हे पहिलीला कळायचा मार्ग नाही. कादंबरीनं तिथंच थांबावं. दुसरीच्या तोंडून सांगितलेली गोष्ट जास्त मोठी होईल, पण ती मी लिहू नये. ती तिनं लिहावी, हिंटनच्याच वयात. त्यासाठी जून ते एप्रिल सलग एका शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव राहावं लागेल, आणि वर्षाच्या हस्तलिखितासाठी निबंध मागणाऱ्या बाईंनी ‘माझी आई’ आणि ‘पाणी हेच जीवन’ सोडून तिला एकदा विषयच न देता वही द्यावी लागेल.