गाळलेली वचने

वाचनभाग : निर्गम 3:7-10, यिर्मया 22:13, गलती 3:28



सन 1807 मध्ये लंडन येथे एक आगळे पवित्र शास्त्र छापण्यात आले. वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांसाठी निवडलेले भाग, असे त्याचे स्वरूप होते. आपल्या पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. या ग्रंथात जेमतेम 232 अध्यायांतील मजकूर होता.

मोशेने फारोपुढे उभे राहून आपल्या लोकांची सुटका मागितली, तो वृत्तांत त्यात नव्हता. शेजाऱ्याला फुकट राबवून घर बांधणाऱ्यावर यिर्मयाने उच्चारलेला धिक्कार नव्हता. ख्रिस्तामध्ये दास व स्वतंत्र हा भेद उरत नाही, हे पौलाचे म्हणणेही नव्हते. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा इफिसकरांस केलेला बोध मात्र होता. योसेफ विकला गेला ही कथाही ठेवली होती.

हे काम नास्तिकांचे नव्हे. लंडनचे बिशप बेल्बी पोर्टियस यांच्या पुढाकाराने चाललेल्या मिशनसंस्थेसाठी हा ग्रंथ निघाला. आणि गुलामांच्या हालांविषयी 1783 मध्ये प्रवचनपीठावरून बोलणारे हेच बिशप होते! मळेवाल्यांचा रोष नको, म्हणून देवाच्या वचनाला कात्री लागली, असे दिसते.

परंतु वचन बांधून ठेवता येत नाही. जमैकातील सॅम्युएल शार्प स्वतः गुलाम व बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन होता. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे ख्रिस्ताचे बोल त्याने मनावर घेतले. 1831 च्या नाताळानंतर वेतनावाचून कामावर जायचे नाही, असे त्याने आपल्या बांधवांना सांगितले. त्यातून उठाव पेटला. 1832 मध्ये त्याला फाशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने दास्यमुक्तीचा कायदा केला. भरपाईचे 2 कोटी पौंड मिळाले ते मालकांना. राबलेल्यांना एक छदामही नाही. यिर्मयाचे ते वचन तेव्हाही गाळलेलेच राहिले. 2013 पासून कॅरिबियन राष्ट्रे एकत्र येऊन त्या हिशेबाची मागणी करीत आहेत.

मी भाषांतराच्या मेजावर बसणारा मनुष्य. नव्या करारात पैशाने विकत घेतलेल्या मनुष्यासाठी जो शब्द आहे, त्यासाठी आम्ही 'दास' लिहितो. आपल्या कानांना त्यात भक्तीचा सुगंध येतो. बेडीचा आवाज येत नाही. 'गुलाम' लिहावे तर उपासनेत तो शब्द कठोर वाटतो, असे वडीलजन म्हणतात. मीही पुष्कळदा त्यांचे ऐकले आहे. त्या कात्रीविषयी वाचले, तेव्हापासून त्या शब्दापाशी माझी लेखणी अडते.